नोंद आढळली नाही

तलाठी म्हणाला, पुरावा आणा.
मी म्हटलं, कसला?
न झालेल्या गोष्टीचा फोटो नसतो, साहेब,
आहेराची वही नसते, साडीवर हळदीचा डाग नसतो.
तो म्हणाला, तेच तर. आणा.

मी वैजयंती दत्ताराम केळुसकर, वय शेहेचाळीस,
काजूच्या कारखान्यात हिशेब लिहिते.
वीस वर्षं अख्ख्या खवण्याला तोंडपाठ होतं
की माझं झालेलं नाही.
एसटीच्या थांब्यावर, सत्यनारायणाला,
मयताच्या बाराव्यालासुद्धा
कोणी न विचारता लोक एकमेकांना सांगत.
आता कागदावर सांगा म्हटलं
तर सरपंचांना नक्की आठवेना.
पोलीसपाटील म्हणाले, मधली तीन वर्षं तू रत्नागिरीला होतीस,
तिथलं आम्ही कसं सांगणार?

ग्रामसेवकानं विवाह नोंदवही काढली,
कडा वाळवीनं खाल्लेल्या.
बोटाला थुंकी लावून एकेक पान.
मी टेबलापलीकडून उलटं वाचत होते:
सुनंदा आणि कुंदा, जुळ्या, एकाच मांडवात.
शेवंती, जिचा नवरा बोटीवर गेला तो तिकडचाच झाला.
माझा धाकटा भाऊ.
आणि एक नाव, जे उलटंसुद्धा मी लगेच वाचलं.
त्याच्यापुढे दुसरीचं.
ग्रामसेवकाचं बोट तिथं थांबलं नाही.
का थांबावं?

साक्षीदार दोन, आधार कार्डासह.
इनास फर्नांडिस, शिंपी, चष्म्याला दोरी.
म्हणाला, तीस वर्षं हिचं माप माझ्या वहीत आहे,
शालूवरचा ब्लाउज कधी शिवला नाही.
नोटरी म्हणाले, एवढं नको, नुसतं ओळखतो म्हणा.
पारू तारी बाजार अर्धा टाकून आली.
"लगीन झाला नाय ह्येचो कागद?
ता काय लपान रवता?
रोज दोनच बांगडे नेता.
आंगठो खंय लावू ता सांगा."
अंगठ्याबरोबर तांबोशीचं एक खवलं
स्टॅम्पपेपरावर चिकटलं.
नोटरींनी नखानं खरवडून पाहिलं, मग त्यावरच शिक्का मारला.

टायपिस्टनं लिहिलं होतं:
सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की मी आजतागायत विवाहित असून.
अ राहिला होता.
त्यानं पेनानं घातला, बाजूला नोटरींची बारीक सही.
मी मात्र आजतागायतपाशीच अडकले.
सगळे शिमगे, सगळे गणपती, बाबांचा लकवा,
कारखान्याचे वीस ताळेबंद
त्या एका शब्दात बसले, वर जागा उरली.

रेंझो काजू फोडायचं यंत्र बसवायला आला होता,
अकरा दिवस.
टरफल फुटलं पाहिजे, गर मोडता कामा नये,
हे त्यानं हातवारे करून शिकवलं
आणि मी वहीत किती किलो तुकडा निघाला ते लिहिलं.
नंतर चार वर्षं फोनवर.
त्याच्याकडे बायकोच्या मृत्यूचा दाखला आहे.
एकदा मी विचारलं, मिळायला सोपा गेला का?
तो बराच वेळ बोलला नाही.
दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातल्या टेबलाचा फोटो आला,
दोन खुर्च्या, एकीवर वर्तमानपत्रांचा गठ्ठा.

कागद मंत्रालयातून गेला, दिल्लीहून गेला,
प्रत्येकानं एकेक शिक्का वाढवला,
मागे चौकोनी स्टिकर लागलं,
मग कोणीतरी इटालियनमध्ये मला पुन्हा एकदा एकटी लिहिलं.
परत आला तेव्हा खवलं जागेवर होतं, किंचित पिवळं.
तळाशी बारीक अक्षरात: वैधता सहा महिने.
मी मोठ्यानं हसले. भावाची बायको आतून बघायला आली.

सकाळी बाजारात पारूनं न विचारता दोन बांगडे ठेवले.
म्हटलं, चार दे.
"तो इलो?"
नाही गं. दोन खारवून ठेवते.
तिनं चार निवडले, पोटं दाबून बघत,
केळीच्या पानात बांधले,
आणि पैसे घेता घेता म्हणाली,
"त्येका काटे काढूक येतत?"

हे मी विचारलंच नव्हतं.